पेटीवरचं नाव

म्हापशाच्या बाजारात आमच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओसरीवर एक शिंपी बसायचे. बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा, आम्ही मुलं चाचा म्हणायचो. आजोबांनी कापड फाडायचं आणि चाचांनी ते शिवायचं, असं त्या दोघांचं पंचवीस-तीस वर्षं चाललं. त्यातलं एकच कापड असं होतं, जे आजोबा फाडायचे पण चाचा शिवायचे नाहीत. मोठ्या पन्ह्याचा पांढरा मांजरपाट, अडीच-अडीच वारांचे दोन तुकडे. हजला निघालेला पुरुष मक्केच्या हद्दीत शिरण्याआधी अंगावरचे शिवलेले कपडे उतरवतो आणि हे दोन तुकडे गुंडाळतो. त्याला एहराम म्हणतात. कुणी एहरामचं कापड मागितलं, की आजोबा कात्रीने नुसता टोचा द्यायचे आणि पुढचं कापड हाताने फाडायचे. तो लांबच लांब आवाज ऐकला, की चाचा मशीन थांबवून उठून उभे राहायचे. आजोबा त्या कापडाचे पैसे घ्यायचे, कारण फुकटच्या कापडाने हज करायला कुणी तयार नसे. पण मोजताना हात सैल सोडायचे.

कापड गेलं, की एक-दोन दिवसांत पेटी यायची. हिरव्या नाहीतर काळ्या रंगाची पत्र्याची पेटी. आजोबांचं अक्षर चांगलं होतं, दुकानाची पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. म्हणून बार्देशातले, डिचोलीतले, पेडण्यातले हजला निघालेले लोक आपली पेटी त्यांच्याकडे आणत. आजोबा पांढऱ्या ऑइलपेंटने आधी रोमन अक्षरांत नाव घालायचे, खाली बापाचं नाव, खाली गाव. मग त्याच मजकुराची दुसरी ओळ देवनागरीत. ही दुसरी ओळ कुणी मागितलेली नसायची. मक्केला देवनागरी कोण वाचणार, असं आजी त्यांना विचारायची. आजोबा म्हणायचे, ‘‘वाचणारा कोण भेटेल ते आपण इथे बसून कसं ठरवायचं?’’

हज करून आलेल्या माणसाच्या नावामागे हाजी लागतं ते जन्मभर. त्याला तिथवर पोचवणाऱ्यांची नावं मात्र कुठेच लागत नाहीत. पेटीवर नाव घालणारा, अर्ज भरणारा, धक्क्यावर वळकटी उचलणारा, मक्केजवळच्या मिनाच्या तंबूंत वाट चुकलेल्या म्हातारीचा हात धरणारा. ही माणसं मी लहानपणापासून पाहत आले, आणि त्यांच्या गोष्टी ऐकत आले. त्या ज्यांनी सांगितल्या त्यांतलं आता जवळजवळ कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

चाचांच्या वडिलांची गोष्ट आजोबा सांगायचे, चाचा कधी सांगत नसत. वडील मूळचे डिचोलीचे. हजसाठी त्यांनी लोणच्याच्या भरणीत पैसे साठवले होते. हजची बोट सुटायची मुंबईहून, आणि मुंबईला जायचं तर पत्रादेवीची नाहीतर दोडामार्गाची वाट, किंवा कॅसलरॉकवरून जाणारी गाडी. १९५५ साली हे सगळं बंद झालं. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. सरहद्द बंद झाली, रेल्वे थांबली, इकडच्या लेकी तिकडे आणि तिकडचे जावई इकडे अडकले. पेडण्याच्या माणसाला नदीपलीकडचं सावंतवाडीकडचं गाव परदेश झालं, तिथे मुंबईचं काय घेऊन बसलात! चाचांच्या वडिलांनी दर वर्षी म्हटलं, पुढच्या साली वाट उघडेल. भरणीतले रुपये बदलून एस्कुद आले, तरी वाट उघडली नव्हती. गोवा मुक्त झाला त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. जाताना मुलाला म्हणाले, ‘‘माझी हज राहिली, ती तू कर.’’

याला हज-ए-बदल म्हणतात. जो स्वतः जाऊ शकला नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने केलेली हज. पण त्याचा एक नियम आहे. दुसऱ्यासाठी करणाऱ्याने आधी स्वतःची हज केलेली हवी. म्हणजे चाचांना दोनदा जावं लागणार होतं, आणि मशीनवर बसणाऱ्या माणसाला एकदा जायचीही ऐपत नव्हती.

आजोबांना जुन्या इतिहासाचं वेड होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं, की ते चाचांना ऐकवत, ‘‘उस्ताद, मक्केला जायचा परवाना एके काळी आपल्या गोव्यात विकत मिळायचा, ठाऊक आहे?’’ आणि ते खरंच होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्र आपल्या मालकीचा असल्यासारखा वागवला. ज्या गलबताकडे त्यांचा कार्ताझ नाही, ते धरायचं, लुटायचं, नाहीतर बुडवायचं. कार्ताझ म्हणजे त्यांचा परवाना. गलबत केवढं, नाखुदा कोण, बरोबर हत्यारं किती, कुठल्या बंदरात जकात भरायची, हे सगळं त्यात लिहिलेलं. विजापूरच्या आदिलशाहांच्या गलबतांना तो लागायचा, आणि खुद्द अकबर बादशहालाही लागायचा. बाबराची लेक गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली आणि सुरतेला येऊन अडकली. परवाना हाती येईतो जवळजवळ वर्ष गेलं. बादशहाची आत्या ती, पण धक्क्यावर बसून कागदाची वाट पाहत राहिली! त्या कागदावर येशू आणि मारियेची चित्रं छापलेली असत. त्यावरून बादशहाच्या दरबारातल्या एका बड्या मौलवींनी असा निवाडा दिला, की असला कागद जवळ बाळगून समुद्राने जाणं पाप, आणि खुश्कीने जावं तर वाटेत इराणचे शिया. तेव्हा हिंदुस्थानातल्या मुसलमानाला हज सक्तीची नाही. त्या काळचा इतिहासकार बदायुनी याने हे नोंदवून ठेवलं आहे.

आणि कागद असला तरी भरवसा नव्हता. जहांगिराच्या आईचं रहीमी नावाचं प्रचंड जहाज मक्केच्या वाटेवरून परतत होतं. १६१३ मध्ये पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ धरलं आणि यात्रेकरूंसकट गोव्याला आणलं. त्या जहाजावर सुमारे ७०० माणसं होती. आपल्या मांडवीच्या पात्रात ती आणली गेली तेव्हा त्यांतल्या बायकामुलांना या नदीचं पाणी कसं दिसलं असेल, हा विचार मला पणजीच्या फेरीबोटीत बसल्यावर दर वेळी येतो.

आमच्या जवळच डिचोलीला नमाजगाह आहे. बापाशी, औरंगजेबाशी, बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला शहजादा अकबर १६८३ च्या सुमारास त्या भागात राहिला होता. ती नमाजगाह त्याच्या नावावर सांगतात. इराणला नेणाऱ्या गलबताची वाट पाहत तो या मुलखात दिवस काढत होता. शेवटी १६८७ मध्ये राजापूरहून तो निघाला. डिचोलीच्या बाया त्या जागेवरून जाताना आम्हाला सांगत, ‘‘इथे वाट बघणारे बसत.’’ हजला निघालेल्याने घर सोडण्याआधी तिथे जाऊन दोन रकात नमाज पढायची, अशी चाचांच्या घरची रीत होती. वडील तसे तीनदा जाऊन आले होते, तीनदा घरी परतले होते.

१९६९ ची हज फेब्रुवारीच्या शेवटी होती. चाचांचं नाव निघालं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कापड आजोबांनी दिलं, भाड्याची भर नातेवाईकांनी आणि बाजारातल्या पाच-सहा जणांनी उसनी म्हणून घातली. चाचीच्या पाटल्या गेल्या. निघायच्या आधी आठवडाभर चाचा आणि चाची घरोघर माफी मागत फिरले. कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाचे चार आणे राहिले असतील, तर ते फेडल्याशिवाय हजला जायचं नसतं. आमच्या ओटीवर येऊन चाची आजीचे हात धरून म्हणाली, काही चुकलं असेल तर माफ करा. आजीला काय बोलावं ते सुचेना. ती आत गेली आणि आवळासुपारीची बरणी घेऊन आली. ‘‘बोट लागली की तोंडात धर,’’ एवढंच म्हणाली. त्या दोघी तिथेच रडत बसल्या.

म्हापशाहून कारेराने, म्हणजे बसने, पणजी, पणजीच्या धक्क्यावरून मुंबईची आगबोट. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरं घेत ती जायची. दाभोळ आलं तेव्हा रत्नागिरीला चढलेल्या एका म्हाताऱ्या कोकणी मुसलमानाने कठड्याशी येऊन किनाऱ्यावरचा घुमट चाचांना दाखवला आणि त्याची गोष्ट सांगितली. विजापूरच्या राजघराण्यातली आयेशाबीबी हजला म्हणून मोठा लवाजमा आणि पंधरा लाख रुपये घेऊन दाभोळला आली. समुद्रात चाच्यांचं भय होतं, तिला जाता येईना. मग काझी-मौलवींना विचारून तिने ते पैसे तिथेच मशीद बांधण्यात घातले. साल १६५९ च्या आसपासचं. चाचा पुढे ही गोष्ट सांगायचे तेव्हा नेहमी एक वाक्य जोडायचे. ‘‘तिच्याकडे पंधरा लाख होते, माझ्याकडे आवळासुपारी होती, आणि मी गेलो.’’

भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर चाचांचा पाय उचलेना. एवढी माणसं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तेवढ्यात बाहीला कापडी पट्टी बांधलेलं एक पोरगं पुढे आलं, सलाम केला, आणि काही न विचारता चाचीच्या हातातली वळकटी डोक्यावर घेतली. चाचा घाबरले, चोर समजून त्याच्यामागे धावले. पोरगं हसत म्हणालं, चला, मुसाफिरखाना दाखवतो.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. महंमद हाजी साबू सिद्दीक हे ऐन तारुण्यात वारलेले मेमन व्यापारी. त्यांच्या मागे राहिलेल्या पैशातून ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांतली ही एक. देशभरातले यात्रेकरू बोट सुटेपर्यंत इथे उतरत. हज कमिटीचं काम तिथून चाले आणि अंजुमन-ए-खुद्दामुन्नबी या संस्थेचे लोक तिथे सेवेला असत. नावाचा अर्थच नबींचे सेवक. मुंबईतल्या मुसलमान मोहल्ल्यांतली पोरं त्या दिवसांत रात्रंदिवस तिथे राबायची. गाडी पहाटे तीनला आली तरी स्टेशनावर कुणीतरी हजर असायचा. याआधी काय व्हायचं, हेही जुने लोक सांगत. एकोणिसाव्या शतकात बोटीचं तिकीट दलालांच्या हातात होतं. गावाकडच्या माणसाला गाठून त्याला दुप्पट भाड्याने दाटीवाटीत कोंबायचं, नाहीतर पैसे घेऊन पसार व्हायचं. सरकारने काही काळ हे काम टॉमस कुक कंपनीकडे देऊन पाहिलं, १८८६ ते १८९३. त्यातूनही फार निष्पन्न झालं नाही. शेवटी कामाला आली ती ही पट्टी बांधलेली पोरंच, असं चाचा म्हणत. माझाही तोच समज आहे.

मुसाफिरखान्यात चाचांना हज पास मिळाला, टोचून घेतल्याचा दाखला मिळाला आणि हातात नोटा मिळाल्या त्या वेगळ्याच रंगाच्या. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून हाजींसाठी १० आणि १०० च्या खास नोटा काढल्या होत्या. आकड्याआधी एच आणि ए ही दोन अक्षरं असायची. आपल्या बाजारात त्या चालत नसत. त्यांतली एक दहाची नोट परत आणून चाचांनी आजोबांना दाखवली होती. मी ती हातात घेतली होती. निळी होती.

बोट मोगल लाइनची. मोहम्मदी, मुझफ्फरी, इस्लामी अशी त्या बोटींची नावं होती. जेद्द्याला पोचायला आठ-दहा दिवस लागत. बोटीवर खलाशी पुष्कळसे कोकणी मुसलमान, रत्नागिरी-बाणकोटकडचे. त्यांच्या तोंडची भाषा ऐकून चाचीच्या जिवात जीव आला. पहिले चार दिवस ती डेकवर पडून होती, आवळासुपारी संपली. तांबड्या समुद्रात यलमलमची सीमा आली, की बोट लांब भोंगा द्यायची. त्याआधी पुरुषांनी अंघोळी करून एहराम बांधायचा. भोंगा झाला आणि सगळी बोट एका आवाजात लब्बैक म्हणू लागली. आजोबांनी फाडलेलं कापड अंगावर घेऊन उभा होतो, असं चाचा सांगायचे आणि मग बराच वेळ गप्प राहायचे.

जेद्द्याला उतरल्यावर मात्र गोंधळ झाला. सगळ्या बोटीचं सामान एका मोठ्या शेडमध्ये आणून ओतलेलं. शेकडो पेट्या, सगळ्या पत्र्याच्या, सगळ्या हिरव्या नाहीतर काळ्या. चाचा कागद तपासून घ्यायच्या रांगेत गेले आणि चाची पेटी शोधत त्या ढिगात शिरली. तिला वाचता येत नव्हतं. जरा वेळाने चाचाही दिसेनात, पेटीही दिसेना. ऊन मी म्हणत होतं. ती एका खांबाला टेकून बसली आणि मोठ्याने रडू लागली. भोवती अरबी, जावी, आफ्रिकी, नाना तऱ्हेची माणसं. आणि तेवढ्यात शेडच्या दुसऱ्या टोकाहून कुणीतरी ओरडलं, ‘‘म्हापशाचं कोण आहे? म्हापसा!’’

बोटीवरचाच एक खलाशी होता तो. आपलं काम आटोपून, आपणहून, यात्रेकरूंच्या पेट्या लावायला थांबलेला. रोमन अक्षरं त्याला वाचता येत नव्हती. चौथीपर्यंत मराठी शाळेत गेला होता. त्या सगळ्या ढिगात देवनागरी अक्षरं असलेली एकच पेटी त्याला सापडली आणि ती त्याने खांद्यावर घेतली. चाची उठून धावली. पेटीवर हात ठेवून तिने त्याला विचारलं, हे माझं नाव आहे का? त्याने बोट फिरवून एकेक अक्षर तिला वाचून दाखवलं. आधी नवऱ्याचं नाव, मग सासऱ्याचं, मग म्हापसा. सासऱ्याचं नाव मक्केच्या दारात कुणीतरी मोठ्याने वाचलं, याचं तिला पुढे आयुष्यभर अप्रूप राहिलं. खलाशाचं नाव विचारायचं राहून गेलं. तिने त्याला आपल्या गोव्याकडच्या पद्धतीने म्हटलं, देव बरें करूं.

परत आल्यावर चाचीने ही गोष्ट सांगितली तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. उठून दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी चाचांनी एक नवीन शिरस्ता सुरू केला. हजच्या बोटी सुटायच्या आधी ते महिनाभर दुकान सोडून मुंबईला मुसाफिरखान्यात जायचे. बरोबर मशीन. आगबोटीवर ते शिवणयंत्र गोणपाटात गुंडाळून न्यायचे आणि मुसाफिरखान्याच्या आवारात एका कोपऱ्यात मांडायचे. कापड आजोबा द्यायचे. त्या कोपऱ्यात बसून चाचा यात्रेकरूंना गळ्यात घालायच्या पिशव्या आणि कमरेचे पट्टे शिवून द्यायचे. एहरामला खिसा नसतो. पास, नोटा, टोचल्याचा दाखला ठेवायचा कुठे? त्यासाठी ही पिशवी. त्यांनी शिवलेली एक माझ्याकडे आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, दुहेरी मांजरपाट. तोंडाशी झडप आणि झडपेच्या आत चोरकप्पा. नाडी जिथे पिशवीला लागते तिथे टीप आडवी-उभी अशी चौकट करून मारलेली, कारण गर्दीत पहिला हिसका तिथेच बसतो. बायकांच्या पिशवीची नाडी चार बोटं जास्त लांब, म्हणजे ओढणीखाली दिसू नये. अशा किती शिवल्या, विचारलं तर म्हणायचे, मोजायला लागलो असतो तर पैसे मागितले असते.

शिवता शिवता दुसरी कामं अंगावर यायची. बिहारच्या म्हाताऱ्याला एहराम कसा बांधायचा ते शिकवायचं. घाबरलेल्या बाईला जहाजात पायखाना कुठे असतो ते सांगायचं. पत्र लिहून द्यायचं. एका साली विदर्भाकडचं एक जोडपं आलं, त्यांचे पैसे गावातल्या एका दलालाने घेतले होते आणि यादीत त्यांचं नावच नव्हतं. चाचांनी त्यांना आठ दिवस जवळ ठेवून घेतलं, जेवू घातलं, कमिटीच्या दारात त्यांच्याबरोबर उभे राहिले. काही झालं नाही. ते जोडपं बोट सुटल्यावर धक्क्यावरून परत गावी गेलं. गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच ती बाई विचारत होती. चाचा त्या वर्षी परत आले ते आजारी पडले. बोटीवर, नाहीतर तिकडे, काही माणसं वारायची, आणि ती वार्ता घेऊन येणारं पत्र घरच्यांना वाचून दाखवायचं काम बार्देश-डिचोलीत चाचांकडेच यायचं. त्यासाठी ते पांढरे कपडे घालून जायचे. दुरून पाहूनच घरचे लोक समजायचे.

वडिलांची हज त्यांनी १९७८ साली केली. पेटी तीच, आजोबांनी नाव घातलेली. फक्त वरच्या रोमन ओळीचा रंग उडाला होता, तो आजोबांनी पुन्हा भरला.

बोटीचा मार्ग १९९५ नंतर बंद झाला. विमानं आली. मुंबईत स्टेशनाजवळ हज हाउसची उंच इमारत आधीच उभी राहिली होती. मधली काही वर्षं गोव्याच्या यात्रेकरूंसाठी दाबोळीहूनच थेट विमान सुटायचं. चाची तेव्हा फार थकलेली होती, तरी तिला ते उडताना पाहायचं होतं. आम्ही तिला गाडीने नेलं. दाबोळीच्या शेजारचं गाव वास्को. ज्याच्या नावाचं ते गाव, त्या वास्को द गामाने १५०२ साली केरळच्या किनाऱ्याजवळ मक्केहून परतणारं मीरी नावाचं जहाज आतल्या बायकामुलांसकट जाळलं होतं. शेकडो माणसं गेली. त्याच्या नावाच्या गावावरून आमची माणसं डोक्याला टोप्या घालून, हातात पिशव्या घेऊन मक्केला उडत होती आणि कुंपणाशी शंभरएक माणसं हात हलवत उभी होती. चाचीला मी हे सांगितलं नाही. ती नुसती विमानाकडे बघून म्हणाली, ‘‘बोट लागायची नाही आता कुणाला.’’

सेवेची रीतही बदलली. आता राज्यांच्या हज कमिट्या यात्रेकरूंबरोबर आपले सेवक पाठवतात. निवडलेले, शिकवून तयार केलेले. तिकडे जेद्दा-मक्केत नोकरीला असलेले आपले लोक हजच्या पाच-सहा दिवसांत रजा काढून मिनाला जातात. यात सगळ्यांत मोठी फळी केरळच्या लोकांची, त्यांच्या केएमसीसी या संघटनेची. चाचांचा नातू जेद्द्याला एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. तोही आठ-नऊ वर्षं त्यांच्या गटातून जातो. त्याच्याकडून मी ऐकलं, की मिनाचं मुख्य संकट म्हणजे वाट चुकणं. १५ एप्रिल १९९७ ला मिनाच्या तंबूंना आग लागली, ३४३ माणसं गेली. त्यानंतर कापडी तंबू जाऊन न जळणारे पक्के तंबू आले. लाखभर तंबू, सगळे पांढरे, सगळे एका मापाचे. सैतानाला खडे मारायला गेलेला म्हातारा माणूस परत येताना एक गल्ली चुकला, की संपलं. सगळीकडे तेच तंबू. मग हे लोक नकाशा घेऊन चौकाचौकांत उभे राहतात. खांबाखांबावर आकडे आहेत. यात्रेकरूच्या हातातल्या कड्यावर नंबर आहे. तो वाचायचा, नकाशावर जागा काढायची आणि माणसाला हाताला धरून पोचवायचं. कधी पाच मिनिटं लागतात, कधी तीन तास. ‘‘आत्या,’’ तो मला म्हणाला, ‘‘दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा मी काय केलं असेल तर कुणाचा तरी नंबर मोठ्याने वाचला.’’

पहिल्या वर्षी रात्रभर फिरून तो पहाटे तळावर परतला, तेव्हा मलबारी पोरांनी त्याच्या हातात एक वाडगा दिला. कांजी म्हणाले. त्याने तोंडाला लावली तर ती आपली पेज होती. उकड्या तांदळाची, वर लोणच्याची फोड. हीच कांजी ते यात्रेकरूंना वाटत होते, कारण उन्हाने पोट बिघडलेल्या म्हाताऱ्यांना दुसरं काही पचत नाही. म्हापशात अकराच्या सुमाराला प्रत्येक घरात जी पेज व्हायची, ती त्याला मिनाला मिळाली. त्याने मला तिथूनच फोन केला होता. बोलता येत नव्हतं त्याला.

२०२४ च्या हजनंतर मात्र त्याचा बरेच दिवस फोन आला नाही. त्या जूनमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला. सौदी सरकारच्या हिशेबाने १३०१ माणसं वारली आणि त्यांतल्या पाचांत चारांहून जास्त माणसांकडे हजचा परवाना नव्हता. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, बस नाही, थंड हवेची खोली नाही. उन्हातून चालायचं, आणि पकडलं जाऊ नये म्हणून मदतही मागायची नाही. नातू त्या रस्त्यांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन होता. पुढे घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, तुम्हाला कळायचं का, कुणाकडे कागद आहे आणि कुणाकडे नाही? तो म्हणाला, कळायचं. हातात कडं नसायचं. मग? ‘‘मग काय, त्यांना आधी पाणी द्यायचो. त्यांना कुणी शोधायला येणार नसायचं ना.’’

आजोबा कार्ताझची गोष्ट सांगायचे ती मला त्या दिवशी आठवली. चारशे-साडेचारशे वर्षांनीही माणूस कागदापाशीच अडतो आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

आजोबांचं दुकान आता नाही. चाचा गेले, चाचीही गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हजच्या तयारीच्या दिवसांत म्हापशात एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसते. यात्रेकरूंचे अर्ज हल्ली ऑनलाइन असतात. ते भरून द्यायला चार-पाच मुलं येतात, मी त्यांच्या शेजारी बसून नावं तपासते. आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, बँकेत तिसरं. एका अक्षराने वर्ष जातं. शेजारच्या खोलीत प्रशिक्षण चालतं. पुठ्ठ्याचा काबा करून त्याभोवती सात फेऱ्या कशा घालायच्या ते शिकवतात. म्हाताऱ्या बाया एकमेकींचे हात धरून फिरतात आणि फेऱ्या मोजताना चुकतात.

बायकांना पूर्वी बाप, भाऊ, नवरा असा कुणी बरोबर असल्याशिवाय जाता येत नसे. २०१८ पासून पंचेचाळिशीवरच्या बायकांना चौघींचा गट करून जायची मुभा मिळाली. पुढे डिचोलीच्या बाजूने अशाच चौघी आल्या. तिघी विधवा, एक एकटी राहणारी. त्यांतल्या सगळ्यात थोरलीने घर चालवायला चाळीस वर्षं भाजीचा धंदा केलेला, दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसायची. अर्ज झाल्यावर ती टेबलाशी घुटमळत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाई, पूर्वी तुमच्या आजोबांकडे पेटीवर नाव घालून मिळायचं.’’

तिची बॅग नायलॉनची होती, चाकांची, निळी. सगळ्यांच्या बॅगा तशाच असतात आता. नायलॉनवर रंग धरत नाही. मी घरी येऊन कपाटातून चाचांच्या पिशवीबरोबर ठेवलेला मांजरपाटाचा उरलेला तुकडा काढला. वीतभर चौकोन कापला, चारी कडांना टीप मारली. काळ्या मार्करने आधी रोमनमध्ये नाव घातलं, खाली अर्जाचा कव्हर नंबर, खाली गाव. मग देवनागरीत. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्यासमोर दाभणाने तो तुकडा बॅगेला शिवून दिला, नाडी लागते तिथे मारायचे तसे आडवे-उभे टाके घालून.

तिने बॅग भिंतीला टेकवून ठेवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली. मग वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं.

‘‘ह्यातली डिचोली खंयची?’’ तिने विचारलं.

मी तिचं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवलं.